गोड वाइनमधला आंबटपणा शोधताना: बुडापेस्टहून दिलेली लेव्हल थ्री परीक्षा

लंडनच्या ‘वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट’ची, म्हणजे सगळे जिला ‘डब्ल्यूसेट’ म्हणतात तिची, लेव्हल थ्रीची परीक्षा मी जून २०२४ मध्ये बुडापेस्टला दिली. निकाल ऑगस्टमध्ये हातात आला. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारतात, खर्च किती, नोकरी सांभाळून जमतं का, इतकं सगळं चाखून डोकं ठिकाणावर राहतं का. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते आहे. अख्ख्या अभ्यासक्रमाबद्दल मात्र लिहिणार नाही. लाल-पांढऱ्या वाइनचं मार्गदर्शन करणारे पुष्कळ आहेत. मला घाम फोडला तो गोड वाइनच्या धड्याने, त्यातही जुन्या, मुरलेल्या गोड वाइनने. साखर आणि आंबटपणा यांचा तोल बाटलीत वर्षानुवर्षं कसा टिकतो, हे पुस्तकात वाचून समजतं, पण जिभेला समजायला वेळ लागतो. तो वेळ कसा गेला, ते सांगते.

मी मूळची निफाड तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराची मुलगी. घरात वाइन कुणी घेत नाही. आमच्याकडे द्राक्ष म्हणजे ब्रिक्स, रसातली साखर मोजायचं माप. मणी चिरडून थेंब काचेवर टाकायचा, आकडा बघायचा, साखर पुरेशी भरली असेल तर व्यापाऱ्याला फोन करायचा. नोकरीने बुडापेस्टला आले, आणि इथे सहकाऱ्यांबरोबर जेवायला बसलं की वाइनवर अर्धा तास चर्चा. लेव्हल टू आधी करून झाली होती. लेव्हल थ्रीला ती सक्तीची नाही, पण थेट थ्रीला बसायचा सल्ला मी कुणाला देणार नाही.

जानेवारीत नाव नोंदवलं. फी ३,५०,००० फोरिंटच्या आसपास, तेव्हाच्या दराने साधारण ८०,००० रुपये. संस्थेप्रमाणे आणि देशाप्रमाणे हा आकडा बराच बदलतो. यात पुस्तक, अभ्यासपुस्तिका, वर्गात चाखायच्या वाइन आणि परीक्षेचं शुल्क धरलेलं होतं. हप्ते करून मिळतात, पण आपण विचारावं लागतं, कुणी आपणहून सांगत नाही. अर्जावर दोन गोष्टी नीट बघा. एक, परीक्षेची भाषा. इथे हंगेरियन आणि इंग्रजी असे दोन्ही पर्याय होते. दुसरी, नाव. आपल्याकडच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुतेकदा पहिल्या नावाला चिकटून येतं, आणि इथल्या रहिवासी कार्डावर ते कधी असतं, कधी अर्धंच छापलेलं असतं. प्रमाणपत्रावर अर्जातलंच नाव छापून येतं आणि परीक्षेला ओळखपत्राशी तेच ताडून बघतात. मी पासपोर्टची प्रत जोडून ईमेल केला, तीन-चार दिवसांनी ‘ठीक आहे’ असं उत्तर आलं. तो ईमेल जपून ठेवला आणि पुढे उपयोगी पडला.

डब्ल्यूसेटच्या हिशेबाने या पातळीला एकूण ८४ तासांचा अभ्यास लागतो, त्यातले किमान ३० तास वर्गात. उरलेले घरी. माझ्या अनुभवाने घरचे तास त्याहून बरेच जास्त धरा. फेब्रुवारीपासून शनिवारी वर्ग. सकाळी कॉफी नाही, अत्तर नाही, आदल्या रात्री तिखटजाळ जेवण नाही. घोट तोंडात फिरवून थुंकायचा, हे अंगवळणी पडायला मला पहिले दोन वर्ग लागले. चारचौघांत थुंकायची सवय आपल्याला नसते, आणि असली तर ती वेगळ्या कारणाने असते.

गोड वाइनचा वर्ग मार्चच्या मध्यात होता. समोर चार ग्लास: जर्मनीतल्या मोझेलची बेअरनआउसलेझ (वेचलेल्या अतिपक्व मण्यांची) रीसलिंग, फ्रान्सची सोतेर्न, हंगेरीची पाच पुत्तोन्योशची (हे तिथलं गोडीचं माप) तोकाय असू, आणि स्पेनची पेड्रो हिमेनेझ शेरी. ही शेवटची काळीशार, उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, ग्लास तिरका केला की काचेवरून सावकाश सरकणारी. चौघींच्या साखरेत जमीन-अस्मानाचा फरक. सोतेर्नला लिटरमागे साधारण १२० ते १५० ग्रॅम, तोकाय असूला कायद्यानेच किमान १२०, तर पेड्रो हिमेनेझला ४०० ग्रॅमच्या घरात. डब्ल्यूसेटच्या चाखायच्या पद्धतीत गोडीचे टप्पे ठरलेले आहेत: ड्राय (कोरडी, म्हणजे गोडी नसलेली), ऑफ-ड्राय, मीडियम-ड्राय, मीडियम-स्वीट, स्वीट आणि सगळ्यात वर लशस. लशस म्हणजे ओठ एकमेकांना चिकटतील इतकं गोड. तिथवर वर्गात कुणाचं अडलं नाही. अडलं ते पुढच्या रकान्यात, ॲसिडिटीच्या. एवढ्या साखरेत आंबटपणा कुणाच्या हातीच लागेना. बहुतेकांनी ‘मीडियम’ लिहून सुटका करून घेतली.

शिकवणाऱ्या बाईंनी जी युक्ती दिली तिच्यावर माझी पुढची सगळी तयारी उभी राहिली. चव सोडून द्या, म्हणाल्या. घोट थुंका, मान खाली घाला, तोंड मिटून थांबा, आणि जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात लाळ किती सुटते, किती वेळ सुटत राहते तेवढंच बघा. साखर जिभेला फसवते, लाळ फसत नाही. मोझेलच्या ग्लासनंतर तोंडाला जे पाणी सुटलं ते थांबेचना. तोकायला जवळपास तसंच. सोतेर्नला सुटलं पण लवकर ओसरलं. पेड्रो हिमेनेझनंतर तोंड नुसतं चिकट, कोपरे कोरडे. दुसरी युक्ती गोडीसाठी: नाक चिमटीत धरून घोट घ्यायचा. जर्दाळू-मधाचा वास बंद झाला की खरी साखर किती आणि वासामुळे वाटणारी किती, हे वेगळं कळतं. ही गोष्ट पुढे जुन्या बाटल्यांच्या वेळी फार कामाला आली.

त्या रात्री अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. तोकायची आणि सोतेर्नची बहुतेक किमया बोट्रायटिस सिनेरिया नावाच्या बुरशीची आहे, हे त्यांना सांगायचंच होतं.

“अण्णा, इथे बुरशी लागलेले मणी एकेक करून वेचतात.”

“वेचून फेकत असतील.”

“फेकत नाहीत. त्यांचीच सगळ्यात महाग वाइन करतात.”

पलीकडे शांतता. मग, “ब्रिक्स किती धरतात?”

निफाडमध्ये अवकाळी पावसानंतर घड सडले की घरात जेवण जात नाही, त्या माणसाला हे पचायला अवघडच. पण फरक हवामानाचा आहे. तोकायच्या खाली बोद्रोग आणि तिसा नद्या मिळतात, शरद ऋतूत सकाळी धुकं चढतं आणि दुपारी ऊन पडतं. धुक्यात बुरशी धरते, उन्हात ती आटोक्यात राहते आणि मण्याच्या सालीला पडलेल्या बारीक भोकांतून पाणी उडून जातं. सोतेर्नला हेच काम सिरोन नावाची थंड पाण्याची लहान नदी गारोन नदीला मिळताना करते. पाणी गेलं की साखर दाटते, आम्लही दाटतं. बुरशी स्वतः थोडी साखर खाते, टार्टारिक आम्लही खाते, आणि बदल्यात ग्लिसरॉल ठेवून जाते. म्हणून या वाइनमध्ये आंबटपणा असतो पण त्याची धार मऊ लागते. जर्मनीची आइसवाइन याच्या उलट. तिथे निरोगी द्राक्षं वेलीवरच उणे ७ अंशांखाली गोठू देतात आणि गोठलेली असतानाच चिरडतात. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, आम्लाला कुणी हात लावलेला नसतो, त्यामुळे ती जिभेवर सुरीसारखी चालते. ऊब वाढल्यामुळे २०१९ च्या हंगामात जर्मनीत आइसवाइनची तोडणी जवळपास झालीच नाही.

हे सगळं ऐकून अण्णा म्हणाले, “आम्ल आम्हीपण बघतो. पण आम्ही ते उतरायची वाट बघतो.” अभ्यासाच्या वहीत मी हे वाक्य लिहून ठेवलं. खाण्याच्या द्राक्षात आम्ल उतरलं म्हणजे माल तयार. गोड वाइनसाठी साखर चढत असताना आम्ल टिकून राहिलं पाहिजे, नाहीतर बाटलीत नुसता पाक. तोकायमध्ये ही जबाबदारी फुरमिंट नावाच्या द्राक्षावर आहे, त्याचा आंबटपणा पिकल्यावरही सहजी पडत नाही. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात हेच काम शेनँ ब्लाँ हे द्राक्ष करतं, आणि नाशिकमध्येही लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडणीची, वाइन याच शेनँची होते. पण आपल्याकडे तोडणीच्या वेळी ऊन तापायला लागलेलं असतं आणि आम्ल झपाट्याने खाली येतं. तिथे तोडणीची वेळ साधणं हीच परीक्षा.

एप्रिलमध्ये आई इथे आली. अभ्यासाच्या ऐन मोसमात पाहुणी, पण तिचा मला जो उपयोग झाला तो कुठल्या वर्गाने केला नसता. वर्गातल्या बाईंनी सुचवलं होतं की घरी साखर-आम्लाचं पाणी करून जीभ तयार करा. इथे घरगुती वाइन करणाऱ्यांच्या दुकानात टार्टारिक आम्लाची भुकटी मिळते. द्राक्षातलं मुख्य आम्ल हेच, आपल्या चिंचेतलंही हेच. भारतात करायचं असेल तर लिंबूसत्त्व चालेल, चव थोडी वेगळी लागते एवढंच. घरच्या वजनकाट्यावर एक-दोन ग्रॅम नीट मोजता येत नाहीत, म्हणून आधी ३० ग्रॅम भुकटी थोड्या पाण्यात विरघळवून एकूण ३०० मिलिलिटर द्रावण करायचं. मग दर १० मिलिलिटरला १ ग्रॅम आम्ल, आणि औषधाच्या सिरिंजने मापायचं. चार भांड्यांत प्रत्येकी ६५ ग्रॅम साखर. पहिल्यात आम्ल नाही, दुसऱ्यात १५ मिलिलिटर, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४५. सगळ्यांत पाणी घालून अर्धा लिटर करायचं. म्हणजे साखर चौघांत लिटरला १३० ग्रॅम, आणि आम्ल शून्य, ३, ६, ९ ग्रॅम. शेवटची दोन मापं खऱ्या सोतेर्न आणि तोकायच्या जवळपास जातात.

आईला भांड्यांची अदलाबदल करायला लावली आणि माझं झाल्यावर तिलाही चाखायला सांगितलं. वाइन तिने हातात धरली नसती, पण साखरपाण्याला तिची हरकत नव्हती. पहिल्या भांड्याला ती म्हणाली, “हा तर पाकच.” तिसऱ्याला, “हे बरंय, सरबत झालंय.” चौथ्याला तोंड वाकडं करून, “यात साखर कमी पडली.”

“साखर चारीत सारखीच आहे गं.”

“काहीतरीच. मोजताना चुकली असशील.”

तिने स्वतः काटा लावून पुन्हा करायला घेतलं. पुन्हा तेच. पाच मिनिटं चमचा हातात धरून उभी राहिली आणि मग म्हणाली, म्हणजे आंबट घातलं की गोड लपतं, आणि गोड घातलं की आंबट लपतं. पुस्तकात याला दोन पानं दिली आहेत. नंतर चारही भांडी फ्रिजमध्ये ठेवून थंड चाखली. गोडी आणखी खाली गेली, आंबटपणाची धार वर आली. गोड वाइन ८ ते १२ अंशांवर द्यायची म्हणतात त्यामागचं अर्धं कारण हेच आहे. कोमट सोतेर्न कितीही उंची असो, दोन घोटांत जीव नकोसा करते. ही भांडी आम्ही पुढे बऱ्याच संध्याकाळी केली. चार कुठलं, तीन कुठलं, हे न बघता सांगता यायला लागलं तेव्हा थांबले.

दरम्यान मी वाइनरींची तांत्रिक पत्रकं वाचत होते. तिथे एक खाचखळगा आहे तो आधीच सांगून ठेवते. फ्रेंच पत्रकांत एकूण आम्ल सल्फ्युरिक आम्लाच्या हिशेबात दिलेलं असतं, आणि हंगेरी-जर्मनीत टार्टारिकच्या. सोतेर्नपुढे ४ दिसले आणि असूपुढे ९, तर दुपटीहून जास्त फरक आहे असं समजू नका. फ्रेंच आकड्याला १.५३ ने गुणा. ४ चे ६ होतात. तरी तोकाय पुढेच आहे, पण इतकी नाही.

मेच्या शेवटी तोकायला गेले. खरं तर अभ्यासाला इतकं दूर जायची गरज नव्हती, बुडापेस्टच्या वाइन बारमध्ये ग्लासवर असू मिळते. पण वर्गात मिळाल्या त्या सगळ्या तरुण बाटल्या, आणि परीक्षेत ‘ही आत्ता प्यावी की ठेवावी’ याचं उत्तर कारणासकट द्यावं लागतं. म्हातारी बाटली चाखल्याशिवाय ते कसं द्यायचं? बुडापेस्टच्या केलेती स्थानकावरून गाडी, अडीच-तीन तास. तोकाय गावाला काही गाड्या थेट जातात. मला माद गावात जायचं होतं, त्यासाठी सेरेंचला उतरून हिदाशनेमेतीकडे जाणारी लहान गाडी पकडायची, आणि ती फार कमी वेळा असते, वेळापत्रक बघूनच निघा. भाड्याची मोटार घ्यायचा मोह आवरा. हंगेरीत चालकाच्या रक्तात दारूचा अंशही चालत नाही. तळघरं आधी ईमेल करून ठरवावी लागतात, रविवारी-सोमवारी बरीच बंद. चाखण्याचे साधारण १०,००० ते १५,००० फोरिंट, जुन्या वर्षांच्या बाटल्या उघडल्या तर त्याहून वर.

असू कशी होते ते इथे थोडक्यात सांगते, म्हणजे आकडे समजतील. वाळलेले मणी वेचून वेगळे ठेवतात. त्याच वर्षाच्या आंबत असलेल्या रसात किंवा नव्या वाइनमध्ये ते भिजत घालतात, पिळतात, आणि मग ते सगळं पुन्हा आंबायला ठेवतात. पूर्वी १३६ लिटरच्या गोंत्सी पिंपात पाठीवरच्या किती टोपल्या मणी घातले यावरून पुत्तोन्योशचा आकडा ठरे. आता तो साखरेवरून ठरतो. तीन आणि चार पुत्तोन्योश २०१३-१४ च्या नियमबदलात बंद झाले, पाचला किमान १२० ग्रॅम आणि सहाला १५०. शिवाय किमान १८ महिने ओकच्या पिंपात. नुसत्या मण्यांच्या वजनाने आपोआप ठिबकणारा रस वेगळा धरतात, ती एसेन्सिया. लिटरला किमान ४५० ग्रॅम साखर, आंबायला वर्षानुवर्षं घेते, आणि तरी अल्कोहोल जेमतेम ३-४ टक्के. ती चमच्याने देतात. मला अर्धा चमचा मिळाला. एवढ्या साखरेतही लाळ सुटली, म्हणजे आम्ल किती असेल याचा विचार करा.

मादमधलं तळघर एका कुटुंबाचं होतं. आत वर्षभर थंडावा, दमट, भिंतींवर काळी मऊ बुरशी कांबळ्यासारखी पसरलेली. ही बुरशी वेगळी, हवेतल्या अल्कोहोलवर जगते. मालकीणबाईंनी तीन बाटल्या मांडल्या: २०१७, २०१३ आणि १९९९. शेजारी हाताने लिहिलेली वही, प्रत्येक वर्षाची साखर आणि आम्ल नोंदलेलं. तिन्हींची साखर लिटरला दीडशेच्या आगेमागे, आम्लही आठ-नऊच्या दरम्यान. वही त्यांनी आधी दाखवली नाही.

२०१७: फिकट सोनेरी, जर्दाळू, संत्र्याची साल, मध. गोडी आधी, आंबटपणा मागून. २०१३ मध्ये रंग गडद, जर्दाळू आता सुकलेला, गोडी थोडी आत गेलेली. आणि १९९९, चहाच्या रंगाची. ग्लास नाकाशी नेला आणि मी थबकले. मेथी. भाजलेल्या मेथीदाण्यांचा, बाळंतिणीच्या लाडवांचा वास. मेथी म्हणजे काय ते मला बाईंना सांगता येईना, फोनवर चित्र दाखवलं, तर त्या हसून म्हणाल्या की हो, सोटोलोन. मेथीला जो रेणू तिचा वास देतो तोच जुन्या असूमध्ये, जुन्या सोतेर्नमध्ये, पोर्तुगालच्या माडेरा वाइनमध्ये वर्षांनुवर्षं हवेशी झालेल्या व्यवहारातून तयार होतो. निफाडच्या स्वयंपाकघरात वाढलेल्या नाकाला ही फुकटची शिष्यवृत्तीच. (परीक्षेत मात्र दिलेल्या शब्दयादीला धरून लिहिलेलं बरं. तिथे सुकलेला जर्दाळू, मार्मलेड, टॉफी, अक्रोड असे शब्द आहेत, मेथी नाही.)

घोट घेतला तर १९९९ तिघींत सगळ्यात कमी गोड. नुसती कमी नाही, शेवटाला चक्क कोरडी म्हणावी अशी. मग वही दाखवली. साखर २०१७ इतकीच. बाटलीत यीस्ट नसतं, त्यामुळे पंचवीस वर्षांत साखर कुणी खाल्लेली नाही. ती होती तिथेच आहे. कमी झालंय ते ताज्या फळाचं, ज्याच्या वासाने जिभेला साखर आणखी वाढल्यासारखी वाटते. त्या जागी सालीचा, अक्रोडाचा किंचित कडवटपणा आला आहे. आणि आम्ल जवळपास होतं तेवढंच उभं आहे, आता त्याच्यासमोर फळांची गर्दी नाही. मी नाक धरून २०१७ चा घोट घेतला, मग नाक धरून १९९९ चा. दोन्हींतला फरक बराच पुसला गेला. तिथे उभ्या उभ्या तो धडा माझ्यापुरता संपला.

दुसऱ्या दिवशी एका बारमध्ये नव्वदीच्या दशकातली आणखी एक बाटली चाखली, तिचं नाव कशाला घ्या. तिथे आम्ल मुळातच कमी असणार. फळ गेलेलं, कडवटपणा आलेला, आणि मधोमध साखर एकटी बसलेली. बिघडलेली म्हणता येणार नाही, एवढ्या साखरेत वाइन सहजासहजी नासत नाही. पण घोट गिळल्यावर मागे काही उरत नव्हतं. ठेवणीतली गोड वाइन विकत घ्यायची असेल तर साखरेचा आकडा मी आता शेवटी बघते. आम्ल किती आणि द्राक्ष कुठलं, हे आधी. माडेरा दीड-दीडशे वर्षांची होऊनही ताठ राहते ती अल्कोहोल, पिंपात मिळालेली ऊब आणि तिचं जबर आम्ल या तिन्हींच्या जोरावर. पेड्रो हिमेनेझ आइस्क्रीमवर ओतायला मला फार आवडते, पण ग्लासभर पिणं होत नाही.

परीक्षा जूनच्या मध्यात, शनिवारी. दोन भाग. लेखीमध्ये ५० बहुपर्यायी प्रश्न आणि २५ गुणांचे चार लघुलेखी. चाखण्याच्या भागात दोन वाइन, नावं झाकलेली, ३० मिनिटं. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे ५५ टक्के लागतात. एक राहिला तर तेवढाच परत देता येतो, फी अर्थात वेगळी. प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, म्हणून सांगत नाही. पण लघुलेखी उत्तरांबद्दल एक सांगते: ‘हाय ॲसिडिटी’ एवढं लिहून गुण संपत नाहीत. ती कुठून आली आणि ग्लासात तिने काय केलं, ही साखळी पूर्ण लिहावी लागते. धुकं, बुरशी, पाणी उडणं, आम्ल दाटणं, साखरेला आधार, बाटलीत टिकणं. मराठीत मोठ्याने बोलून पाठ केलेल्या या साखळ्या इंग्रजीत उतरवायला मला सोप्या गेल्या. चाखण्याच्या भागात वेळ पुरत नाही, प्रत्येक वाइनला पंधरा मिनिटं आखून घ्या आणि दर्जाचं कारण लिहायला शेवटची तीन राखून ठेवा. बॅलन्स (तोल), लेंग्थ (चव किती वेळ टिकते), इन्टेन्सिटी (तीव्रता), कॉम्प्लेक्सिटी (चवींची विविधता) या चारही गोष्टींवर एकेक वाक्य हवंच. दारात पासपोर्ट तपासणाऱ्या बाईंना नावाची शंका आलीच, तो जानेवारीतला ईमेल दाखवला आणि आत गेले.

मग वाट बघणं. साधारण दोन महिने लागतात असं सांगितलं होतं, तेवढेच लागले. आई तोवर परत गेलेली. निकाल ईमेलने आला: लेखीमध्ये बऱ्यापैकी वर, चाखण्यात काठावरून थोडं पुढे. पास. प्रमाणपत्र आणि कोटाला लावायची पिन नंतर संस्थेत जाऊन घेतली.

सराव स्वस्तात करायचा असेल तर पहिल्याच दिवशी असू घेऊ नका. लेबलवर ‘केशोई’ लिहिलेली उशिरा तोडणीची तोकाय, किंवा ‘एदेश’ (गोड) लिहिलेली सामोरोद्नी, म्हणजे मणी न वेचता अख्ख्या घडांची केलेली तोकाय, घ्या. ‘साराझ’ असेल तर ती कोरडी, तिच्यात हा अभ्यास होणार नाही. मी घेत होते तेव्हा ती ३,००० ते ६,००० फोरिंटमध्ये मिळायची, असूला १२,०००च्या पुढे जावं लागायचं. दोघीतिघींनी मिळून बाटली घ्या, ग्लासात दोन बोटं पुरतात. उघडलेली असू बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे आरामात राहते, माडेराला महिनोन्महिने काही होत नाही. भारतात नेताना प्रवाशामागे २ लिटरपर्यंत दारूवर शुल्क लागत नाही, आणि असूची बाटली अर्ध्या लिटरची असते, म्हणजे चार. चेक-इन बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळून, आणि पावत्या हाताशी.